जोह्याहून रोह्याला जाणारा डबा

साताऱ्याहून निघाले तेव्हा पिशवीत कपड्यांपेक्षा कागद जास्त होते. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. ‘एकपतीपत्नीत्व नैसर्गिक आहे का?’ या विषयावर मला व्याख्यान द्यायचं होतं. खरं कारण वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी घर सोडताना नवरा म्हणाला होता, “जन्मभर एकाच माणसाबरोबर राहणं निसर्गाविरुद्ध आहे.” तो चुकला, असं मला शास्त्राकडून वदवून घ्यायचं होतं.

वडिलांचे स्नेही वसंतकाका जोह्याला गणपती घडवतात. त्यांच्याकडे चार दिवस शांतपणे लिहायचं ठरवलं. पनवेलहून रेल्वेगाडीत बसले आणि चुकून हमरापूरऐवजी आधीच्या जिते स्टेशनलाच उतरले. तिथून रिक्षा. दोन्ही बाजूंना भातशेती, मग दारोदार पांढरे, अजून न रंगवलेले गणपती.

जेवायला तांदळाची भाकरी आणि बिरडं (सोललेल्या कडव्या वालांची उसळ) होतं. काकांनी विचारलं, “काय लिवतेस?” मी सांगितलं : कुठे पुरुष दोन-तीन बायका करतात, हिमालयात कुठे भावाभावांची एकच बायको असते. प्राण्यांत नर मादीपेक्षा बराच मोठा असला की तो बहुधा अनेक माद्या करतो; माणसांत स्त्री-पुरुषांच्या उंचीतला फरक सगळ्या लोकांत सारखा नसतो, पण त्यावरून लग्नाची रीत ठरते असं म्हणता येत नाही.

“मग आमी जोह्याची माणसं कुठं बसतो?” ते हसले. त्यांच्या पत्नी ताराकाकू मात्र हसल्या नाहीत.

रविवारी सकाळी काकांनी स्वतः डबा भरला. “रोह्याला जायचं हाय हिला. गुडघा दुखतो. जाशील सोबत?”

नागोठणं मागे पडल्यावर मी विचारलं, “रोह्याला कोण असतं?”

“दामू,” काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “तो पण माझा माणूस हाय गो. तीस वर्सं झाली.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “काकांना माहीत आहे?”

“डबा कोणी भरला?”

दामू कुंडलिका नदीजवळ एका खोलीत राहतो. कंपनीत शिफ्टला असायचा. आता त्याची उजवी बाजू गेली आहे. काकूंनी त्याला भरवलं, नखं कापली, चादर बदलली. तो अडखळत म्हणाला, “वसंताचा खोकला कसा हाय?” मी दारात उभी राहिले. कुठे बघावं ते कळेना. येताना गाडीत काकूंना विचारलं, त्यानं लग्न का नाही केलं? “मी सांगत होते, कर. नाय केलं.”

संध्याकाळी काका एका मूर्तीचे डोळे आखत होते. न राहवून मी विचारलं, “तुम्हाला राग नाही येत?”

हातातला ब्रश थांबला. “एकदा कोयता घेऊन गेलो होतो रोह्याला. दार उघडून तो समोर उभा राहिला. म्हणाला, मार. माझा हात नाय उठला. मग दोन वर्सं मी हिच्याशी बोललो नाय.”

“आणि आता राग गेला?”

“नाय. हाय की. पण ती मला सोडून गेली नाय. आणि मला दुसरी कोणी नको होती.” ब्रश पुन्हा चालू झाला. “तुझं शास्त्र काय म्हणतं?”

माझ्या सगळ्या कागदांत काकांचा राग कुठेच नव्हता आणि त्यांनी भरलेला डबाही नव्हता.

परतीच्या एस.टी.त व्याख्यान पूर्ण करायला घेतलं. नवऱ्याला खोटं ठरवायला एक ओळ पुरेशी होती, पण ती लिहिता येईना. मनात एकच हिशेब चालला होता. काकांनी दुसरी बाई पाहिली नाही. दामूनंही पाहिली नाही. काकूंनी तीस वर्षांत दोघांपैकी एकालाही टाकलं नाही. तिघांपैकी बेइमान कोणाला म्हणायचं, हे घाट चढून झाला तरी मला ठरवता आलं नाही.