कारभारीण म्हणत्यात मला

पोरीनं डोळं पांढरं केलं, हातपाय ताठ झालं. अंग तापानं नुसतं भाजत होतं. तशीच उचलली आन् पळत दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झटका आलाय, लगेच ॲडमिट करूया." माझ्या तोंडातनं निघालं, "मालकास्नी इचारते."

आमचं ह्ये दुधाची गाडी घेऊन मलकापूरला गेलतं. फोनवर म्हणालं, "मी आल्याबिगर काय करू नगंस. घरला ने, आई जोतिबाचा गुलाल लावंल."

चार माणसांत मला 'आमच्या कारभारीण' म्हणत्यात. मी ऐकून फुगायची. खरं घरात साखर संपली तरी सासूबाईंस्नी इचारूनच आणायची. मग कारभार कसला?

पोरीला उराशी धरूनच फोनवर बोलले, "कारभारीण म्हणता न्हवं? मग ह्यो कारभार आज मीच करणार." फोन ठेवला आन् म्हटलं, "घ्या बाई आत."

पोरगी सांजच्याला दूध प्याली. ह्ये आलं आन् शेजारच्या खाटंवरल्या पावण्यांस्नी म्हणालं, "आमच्या कारभारीण लई शाण्या झाल्यात." ह्यो मान का टोमणा, मला अजून कळंना. खरं परत असं झालं, तर मी इचारणार न्हाय. तुमी असता तर थांबला असता व्हय?