मार्थाबाईंच्या पदरावरचा माइक

“सिस्टर, थोडंसं रडता येईल का?”

सॅमसन ब्रदरांनी हे दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मार्थाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे पाहिलं. लाजाळू माणसाला कॅमेऱ्याची ही एक सोय असते.

“कशामुळं रडू, भाऊ?” मार्थाबाई म्हणाल्या.

“तुमच्या मुलाची नोकरी गेली ना?”

“गेली. पन तवाच रडून झालं की.”

मी व्हिडिओ एडिटर आहे. परभणीत लग्नाचे व्हिडिओ करते, आणि लग्नसराई संपली की मिळेल ते. त्या वर्षी सॅमसन ब्रदरांचं प्रवचनांचं यूट्यूब चॅनल मिळालं. मालिकेचा विषय होता ‘अनिश्चित काळात घरच्या घरी विश्वास’. ‘अनिश्चित काळ’ हे शब्द ब्रदरांना फार आवडत. चहा थंड आला तरी ते हेच म्हणत. स्वतः मात्र अगदी निश्चित असत. लिननचं जाकीट, पांढरे बूट, आणि प्रभूला काय हवंय याची पक्की माहिती.

मी ख्रिस्ती घरातली. पण शिकले इंग्रजी शाळेत, त्यामुळे माझी प्रार्थना सकाळच्या असेंब्लीतल्या इंग्रजीतच अडकलेली. हल्ली तीही येत नव्हती. हे मी ब्रदरांना सांगितलं नव्हतं. त्यांनी त्याचाही एपिसोड केला असता.

मार्थाबाई पेडगावच्या. दवाखान्यात आया होत्या, आता निवृत्त. नवरा नाही. मुलगा पुण्याकडच्या कारखान्यात कंत्राटी होता, तो काम सुटून घरी आलेला. रोज संध्याकाळी त्यांच्या घरात प्रार्थना होते. मायलेक, आणि बसायचं असेल तर शेजारची एखादी बाई. त्या घराची एक रीत आहे. प्रार्थनेआधी ज्याने त्याने आपली काळजी बोलायची, आणि ती उंबऱ्याच्या आतच ठेवायची.

ब्रदरांना घर आवडलं नाही. पुढच्या खोलीत कापूस भरलेला होता. तो फ्रेमबाहेर राहावा म्हणून मार्थाबाईंना दाराशी सरकवलं. त्यांच्या पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, साडीच्या दुकानातल्या पिशवीचं कव्हर होतं. ते बाजूला ठेवून ब्रदरांनी आपलं कातडी बांधणीचं पुढे केलं. मग मेणबत्ती लावली.

“लाईट हाय की, भाऊ,” मार्थाबाई म्हणाल्या.

“वातावरणासाठी, सिस्टर.”

“आमच्यात लाईट गेल्यावर लावत्यात.”

मुलाखत सुरू झाली. ब्रदरांना चमत्कार हवा होता. मुलाला दुसरी नोकरी लागली का? नाही. कुणी अचानक मदत पाठवली का? नाही. स्वप्नात काही दिसलं का?

“न्हाई बा.”

“मग प्रार्थनेने काय झालं?”

मार्थाबाईंनी खरंच विचार केला. “झोप लागती,” त्या म्हणाल्या. “आदी लागत नव्हती. पोराला बी लागती आता.”

ब्रदर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “झोप हा क्लायमॅक्स होऊ शकत नाही.”

मग ब्रेक झाला. इथे आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. चांगला आवाज कॅमेऱ्यात घेत नाहीत. शेंगदाण्याएवढा माइक माणसाच्या कपड्याला लावतात आणि त्याचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर जातो. नंतर एडिटिंगला बसलं की चित्र आणि आवाज एकाखाली एक ठेवून जुळवायचे. ब्रेकमध्ये माइक काढायचा असतो. मी काढायला गेले, तर ब्रदर म्हणाले, “राहू द्या. चालू ठेवा. न सांगता जे मिळतं तेच अस्सल.”

मार्थाबाई माइक पदराला लावून स्वयंपाकघरात गेल्या. माइक चालू असल्याचं त्यांना कुणी सांगितलं नाही.

दोन दिवसांनी मी परभणीतल्या ब्रदरांच्या स्टुडिओत आवाज लावत बसले होते. हेडफोनमध्ये स्वयंपाकघर आलं. भांडी वाजली. बाहेर शेळी ओरडली. मग शेजारच्या काशीबाईंचा आवाज. त्या शेळ्या-मेंढ्या राखतात, ख्रिस्ती नाहीत, पण मार्थाबाईंकडे येऊन बसतात. त्या रडत होत्या. पाथरीला दिलेली त्यांची लेक सासर सोडून आली होती. गावात सांगितलं होतं की आईचे गुडघे दुखतात म्हणून आली. खरी गोष्ट वेगळी होती. ती मी इथे लिहिणार नाही. पुढच्या आठवड्यात दोन्ही घरच्यांची बैठक होती, आणि लेकीचं पुढचं सगळं त्या बैठकीवर होतं.

“आदी भाकर खा, काशे,” मार्थाबाई म्हणाल्या. “उपाशी पोटी रडू न्हाई.”

ताट सरकल्याचा आवाज. मग मार्थाबाईंनी प्रार्थना केली. कॅमेऱ्यासमोरच्यापेक्षा निम्म्या आवाजात.

“प्रभू, हिच्या लेकीला तिकडं जायचं का न्हाई, ते तिचं तिला कळू दे. कुनी तिला ढकलाया नको. आन तवर हिला झोप लागू दे. आमेन.”

मी हेडफोन काढला नाही. पुन्हा ऐकलं. तेवढ्यात ब्रदर मागे येऊन उभे राहिले. त्यांनी दुसरा हेडफोन लावला.

“गोल्ड,” ते म्हणाले. “हे गोल्ड आहे, सिस्टर! आणि बाई आपल्यातली नाही, हे तर अजूनच पॉवरफुल.”

“त्यांना विचारलेलं नाही,” मी म्हणाले.

“चेहरा कुठे दिसतोय? नावही काढून टाकू. बंद दाराचा शॉट, त्यावर हा आवाज, खाली सबटायटल.”

“गावात आवाजाला चेहरा लागत नाही.”

“तुम्ही फार विचार करता. लोकांना एन्करेजमेंट मिळेल.”

लोकांना मिळेल. काशीबाईंच्या लेकीला बैठकीत काय मिळेल, हा प्रश्न चॅनलच्या कक्षेबाहेरचा होता. ब्रदर एका परिषदेला निघाले. विषय होता ‘संवेदनशील सेवा’.

ते गेल्यावर मी मार्थाबाईंना फोन केला. मला फोनवर बोलायला जड जातं, त्यामुळे एका दमात सांगितलं.

त्या म्हणाल्या, “तू ऐकलंस का ते?”

“हो.”

“अजून कोन?”

“ब्रदरांनी.”

“काय म्हनले?”

गोल्ड म्हणाले, हे माझ्या तोंडून निघेना. “आवडलं म्हणाले.”

“आवडलं?” मार्थाबाई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या लेकीचं रडनं आवडलं का त्येला?” मग आवाज खाली आला. “पोरी, काशीनं ते माझ्या उंबऱ्यात बोललंय. तिथंच ठिवायचं. काढून टाक.”

मी काढून टाकलं. एडिटिंगच्या टाइमलाइनवरून, रेकॉर्डरच्या कार्डावरून, बॅकअपच्या डिस्कवरून. एडिटर असं करत नाही. मूळ फाइल उडवणं हे आमच्यात पाप आहे. त्या सगळ्या शूटिंगमध्ये खरा धीर देणारं तेवढंच होतं, आणि तेच मी उडवलं.

ब्रदर परत आले.

“गोल्ड कुठे आहे?”

“काढलं.”

“बॅकअप?”

“त्यातूनही.”

“कुणाला विचारून?”

“मार्थाबाईंना.”

“या प्रोजेक्टच्या डायरेक्टर त्या आहेत का?”

“त्यांच्या घराच्या आहेत.”

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला माहीत नाही. ब्रदरांनाही नसावं. त्यांनी मला क्षमा केली, माझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना केली, आणि पुढचं काम दुसऱ्याला दिलं.

एपिसोड आला. रिकामी जागा ब्रदरांनी स्वतःला घेऊन भरली. मेणबत्ती, मागे पियानो, आणि इंटरनेटवरून घेतलेलं एक गोरं कुटुंब, मोठ्या टेबलाभोवती हात धरून बसलेलं. मार्थाबाई एकदा मान हलवताना दिसल्या. झोपेचं वाक्य नव्हतं. खाली लोकांनी भरपूर आमेन लिहिले.

बैठक झाल्यावर मार्थाबाईंचा फोन आला. काशीबाईंच्या लेकीने बैठकीत स्वतः तोंड उघडलं आणि सध्या सासरी येत नाही म्हणून सांगितलं. आता ती शेळ्या घेऊन जाते. गावाला अजून गुडघेच माहीत आहेत.

“आन व्हिडिओ बगितला,” त्या म्हणाल्या. “लय झ्याक केलाय. पन आमचं घर कुटं हाय त्याच्यात?”

त्या संध्याकाळी आमच्या घरी आई प्रार्थनेला बसली तेव्हा मीही जाऊन बसले. आईने नुसती सरकून जागा दिली. ते बरं केलं.

आता माझा एक नियम आहे. ब्रेक म्हटलं की आधी माइक मी स्वतः काढते. क्लायंट काही म्हणो. तो खिशात टाकते, आणि मग समोरच्या बाईंना म्हणते, जा आता स्वयंपाकघरात.