जसं लिहिलंय तसं

नंदा नाखवाला इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण मिनिटाला पन्नास शब्दांच्या वेगाने ती ते टाइप करायची. यात हसण्यासारखं काही नाही. कोपरीला लागून असलेल्या कोळीवाड्यात वाढलेली, नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी. वडील नव्हते. आई आवडाबाई मासळी बाजारात बसायची. दहावीनंतर नंदाने नौपाड्यातल्या टायपिंग क्लासमध्ये दोन वर्षं बोटं झिजवली, सरकारी परीक्षा दिली आणि १९८४ साली वागळे इस्टेटमधल्या एका डेटा सेंटरमध्ये ती ऑपरेटर म्हणून लागली. ज्यांच्याकडे डिग्री नव्हती त्यांना कॉम्प्युटरच्या धंद्यात शिरायला त्या काळी तेवढीच वाट होती.

काम असं चाले. प्रोग्रॅमर चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहीत. ते कागद ऑपरेटर मुलींकडे येत. एकीने टाइप करायचं, मग दुसरीने तेच पुन्हा टाइप करायचं. दोघींत एका अक्षराचा जरी फरक पडला तरी मशीन अडून बसायचं. नियम एकच होता, जसं लिहिलंय तसं. कुणी स्वतःचं डोकं चालवलं की तिच्या नावावर चूक लागायची, आणि चुका साठल्या की साहेबांचं बोलावणं यायचं.

आता एखादीला वाचायचीच खोड असेल तर ती काय करणार? नंदा टाइप करता करता वाचायची. कळला नाही तो शब्द तळहातावर लिहून घ्यायची आणि जेवणाच्या सुट्टीत डिक्शनरी उघडायची. महिन्याभरात तिच्या लक्षात आलं की हे इंग्रजी भलतंच सोपं आहे. अमुक असेल तर तमुक कर, नाहीतर पुढे जा, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगतं. मोकाशी नावाच्या सीनियर प्रोग्रॅमरने तिला एकदा डिक्शनरीसकट पकडलं. मोकाशी तिरसट माणूस, पण त्याने कोबोल या कॉम्प्युटरच्या भाषेचं आपलं जुनं पुस्तक आणून तिच्या टेबलावर ठेवलं आणि रोज सुट्टीतली पंधरा मिनिटं तिला शिकवायला लागला. दोन वर्षांत नंदा कागदावर छोटे प्रोग्रॅम लिहू लागली. शिकवताना हा माणूस रागावणं विसरायचा, हे त्याचं त्यालाही माहीत नसावं.

१९८६च्या उन्हाळ्यात कंपनीने जाहीर केलं, प्रोग्रॅमर ट्रेनीच्या परीक्षेला या वर्षी ऑपरेटरही बसू शकतील. अट एवढीच, की फॉर्मवर एका सीनियर प्रोग्रॅमरची सही हवी. मोकाशी म्हणाला, "ठेव टेबलावर, करतो." फॉर्म टेबलावर गेला. नंदाला दोन रात्री नीट झोप आली नाही. डिग्रीवाल्या पोरांच्या रांगेत बसायची अशी संधी पुन्हा येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात एक काम आलं. बालवाडी शिक्षिकांची परीक्षा घेणाऱ्या एका संस्थेचा निकाल लावायचा होता. प्रोग्रॅम मोकाशीच्या हातचा. तिसऱ्या कागदावर नंदाची बोटं थांबली. प्रत्येक विषयात पास व्हायला चाळीस मार्क लागत. मोकाशीने लिहिलं होतं, चाळीसपेक्षा जास्त असतील तर पास. म्हणजे बरोबर चाळीसवाली नापास!

उठून विचारायला हवं होतं. पण गेल्याच महिन्यात शेजारच्या विमलने मोकाशीला सगळ्यांसमोर एक चूक दाखवली होती, तेव्हा तो कडाडला होता, "तुम्ही बोटं चालवा, प्रोग्रॅम आम्ही बघतो." नंदाला टेबलावरचा बिनसहीचा फॉर्म दिसत होता. टेस्टिंगमध्ये सापडेल, तिने स्वतःची समजूत घातली आणि जसं लिहिलं होतं तसं टाइप केलं. टेस्टिंगमध्ये काही सापडलं नाही. चाचणीच्या आकड्यांत चाळीस हा आकडाच कुणी घातला नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. संध्याकाळी नंदा घरी आली तर आई म्हणाली, "सरस्वती नापास झाली गो. कल्यानला जाऊन नंबर बघून आली. तवापासून जेवली नाय."

सरस्वती म्हणजे त्यांच्याच गल्लीतली, नंदाच्या शाळेतली. बालवाडीत सहा वर्षं मदतनीस होती. घरोघरून मुलं गोळा करून आणायची, नाकं पुसायची, खिचडी वाढायची. तिथल्या जुन्या शिक्षिका जूनअखेर निवृत्त होणार होत्या आणि सर्टिफिकेट आलं तर जागा सरस्वतीची, असं ठरलं होतं. संस्थेने बोर्डावर फक्त पास झालेल्यांचे नंबर लावले होते. मार्क कुणालाच ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी नंदाने ऑफिसमधला, सगळ्यांचे मार्क छापलेल्या रुंद कागदाचा गठ्ठा उघडला. सरस्वतीचा नंबर सापडायला वेळ लागला नाही. बासष्ट, पंचावन्न, चाळीस. नापास. तिने पुढची पानं उलटली. अशा एकोणीस जणी होत्या.

इथे मला नंदाची बाजू घ्यावीशी वाटते, पण घेता येत नाही. ती त्या दिवशी बोलली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मोकाशीने फॉर्मवर सही केली, नंदाने तो जमा केला, आणि मग ती कर्णिक साहेबांच्या, म्हणजे सेंटरच्या प्रमुखांच्या, केबिनमध्ये गेली.

साहेबांनी कागद पाहिले. मोकाशीला बोलावलं. तो वाचून पांढराफटक पडला. मग साहेबांनी नंदाला विचारलं, "तुला हे कधी दिसलं?"

'आत्ताच, गठ्ठा चाळताना' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. नंदा म्हणाली, "टाइप करताना."

"मग मला का नाही विचारलंस?" मोकाशीचा आवाज अगदी खाली आला होता.

"तुमची सही व्हायची होती."

मोकाशीने चूक स्वतःच्या नावावर लिहून दिली आणि सही मागे घेतली नाही. जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं मात्र त्या दिवसापासून बंद झाली. नियमाने पाहिलं तर नंदाची काहीच चूक नव्हती, तिने लिहिलं होतं तसंच टाइप केलं होतं. साहेब तसं म्हणालेही. तिला त्याने अधिकच वाईट वाटलं.

संस्थेने पत्रव्यवहार केला, मीटिंगा घेतल्या, आणि सुधारलेली यादी यायला जुलै संपत आला. तोवर बालवाडीत ठाकुर्लीच्या एक बाई शिक्षिका म्हणून रुजू झाल्या होत्या. त्याच आठवड्यात ट्रेनीचा निकाल आला. नंदा पहिल्या पाचांत होती.

पुढे ती प्रोग्रॅमर झाली, टीम लीडर झाली, दोन हजार सालच्या तारखांच्या कामात तिने परदेशी बँकांचे जुने प्रोग्रॅम ओळ न ओळ तपासले. नव्वदनंतर डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत इमारतीगणिक कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या, तेव्हा मुलं आणि त्यांचे आईबाप कोपरीच्या तिच्या घरी विचारायला येत. कुठला कोर्स, कुठली लँग्वेज, टायपिंग लागतं का, डिग्रीशिवाय घेतात का. ती सगळ्यांना चहा देऊन नीट सांगायची. तुम्ही कशा शिरलात, असं कुणी विचारलं की "परीक्षा दिली," एवढंच म्हणायची.

ती परीक्षा तिला कितीला पडली, हे कळलं ते १९८६च्या त्याच जुलैमधल्या एका सकाळी. सुधारलेल्या निकालाचा कागद घेऊन नंदा सरस्वतीच्या दारात उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. टाइप करताना दिसलं तेही, आणि सही होईपर्यंत थांबले तेही.

सरस्वतीने कागद दोनदा वाचला.

"मंग मी तवाच पास झालेली?"

"हो."

"आनि तुला ठाव होता."

नंदाने मान डोलावली.

"तू तवाच बोलली असती, तं तुजी परीक्षा गेली असती?"

"कदाचित."

"माजी तं गेलीच ना गो," सरस्वती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच नंदाला सोसेना. सरस्वतीने कागदाची घडी करून फळीवर ठेवली, घड्याळाकडे पाहिलं, पायात चपला सरकवल्या आणि नव्या बाईंच्या वर्गासाठी मुलं गोळा करायला गल्लीत उतरली.