मोहाखालची आग

आमच्याकडे पानगळ होळीच्या अलीकडे-पलीकडे येते, आणि ती गुपचूप येत नाही. सागाचं एक पान सुटलं की खाली निजलेलं कुत्रं उठून भुंकतं. दोन पानं एकदम पडली तर माणसं दार उघडून बघतात, पाहुणे आले का म्हणून. यात खोटं असेल तर चार आण्यांचं. मी उभी हयात एसटीत कंडक्टर होतो, आणि आलापल्लीच्या जंगलात एका वाघाला मी अर्धं तिकीट फाडून दिलं होतं, हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. पुरं तिकीट का नाही, असं कोणी विचारलं तर सांगतो, वाघ लहान होता.

ही हकिकत मात्र माझ्या मायची आहे. तिच्या श्वासाची.

मायला जुना दमा. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, हिला धुरापासून लांब ठेवा. जंगलातल्या गावात हे सांगणं म्हणजे मासोळीला ओलीपासून जपा म्हणण्यासारखं. तरी आम्ही चूल सोडून गॅस घेतला, शेजारच्यांना शेकोटी पलीकडे सरकवायला लावली, आणि मायच्या उशाशी दम्याचा पंप ठेवला. तेवढ्यावर तिची छाती चालत होती.

मोहाची फुलं पहाटे गळतात, सकाळी वेचायची असतात. पाचोळ्यात पडलेलं फूल दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी जाळायचा, अशी आमच्याकडची रीत. जंगलातला प्रत्येक मोह कुठल्या ना कुठल्या घराचा असतो. कागद कशाचाच नाही, पण दुसऱ्याच्या मोहाखाली कोणी टोपली टेकवत नाही. टेकडीच्या पायथ्याचा एक मोह मायचा होता. जाळायचेही नेम ठरलेले. झाडाभोवती खराट्यानं गोल माती उघडी करायची, पानांवर दव असतानाच काडी लावायची, आणि आग झोडपायला हातात हिरवी फांदी धरून राख थंड होईपर्यंत जागचं हलायचं नाही. जंगलखात्याचा गार्ड दर साली गावात येऊन हात जोडतो, बाबांनो जाळू नका. आम्ही माना हलवतो आणि जाळतो.

त्या साली माय म्हणाली, “यंदा जाळू नोको. मी झाडून घेईन.”

“तू झाडशील? दोन खराटे मारले का तुले खाट लागते.”

“बसून झाडीन. मले कुठी बस पकडाची हाय?”

ती बरोबर बोलत होती. पण नुकताच रिटायर झालेला माणूस, त्याला घरात काहीतरी करून दाखवायचं असतं. मला वाटलं, ती यायच्या आत झाडाखालची जागा सारवलेल्या अंगणासारखी करून ठेवावी. माय टोपली घेऊन येईल, बसेल, वेचेल. वाकणं नको, धूळ नको. आईला सुख द्यायला निघालेल्या पोराइतकं घातकी जनावर आमच्या जंगलात दुसरं नाही. वाघ परवडला.

दोन चहा पिऊन निघालो, तोवर दव उडून गेलं होतं. गोल अर्धा झाडला, कंबर धरली, म्हटलं उरलेल्या बाजूला मीच उभा राहतो की. काडी लावली. एवढ्यात बाजूच्या गावचा एक जण सायकलवरून आला. मला बघून त्यानं पाय टेकला.

“काका, बस सोडली म्हनते तुम्ही?”

“मी कुठी सोडली? बसनंच मले सोडलं.”

“ते वाघाचं खरं हाय का पन?”

झालं. मी फांदी जमिनीवर ठेवली. त्या दिवशी वाघानं खिडकीची जागा मागितली. न मिळाल्यावर ड्रायव्हरकडे तक्रार केली. ड्रायव्हर म्हणाला, कंडक्टरशी बोला, गाडी चालू असताना मला त्रास देऊ नका. सायकलवाला हसता हसता सायकलवरून घसरला, आणि समोर माणूस हसत असला की मला मागचं काही दिसत नाही, हे खरं. वाघ अहेरीला उतरेपर्यंत मी वळलो नाही. वळलो तेव्हा आग न झाडलेल्या बाजूनं निघून बांबूत शिरली होती. बांबू फुटत होते, जसे कोणी लग्नात फटाके लावावेत.

आम्ही दोघांनी झोडपलं. त्यानं अंगातला शर्ट काढून झोडपलं. दुपारपर्यंत आग टेकडीच्या पाठीवर गेली. तो सायकल उचलून म्हणाला, “काका, मी इथी आलोच नाई बरं.” आणि गेला. मीसुद्धा तिथे नसतो तर किती बरं झालं असतं.

जंगलात आग लागली की आता गार्डच्या मोबाइलवर वरून, उपग्रहाकडून, मेसेज येतो. कुठे लागली ते वरच्याला दिसतं, कोणी लावली ते दिसत नाही. गार्ड हंगामी वॉचरांना घेऊन आला, पाठीवर पाचोळा उडवायची, हवा मारायची मशीन बांधलेली माणसं. मी त्यांच्याबरोबर तीन दिवस राबलो. तोंड काळं, भुवया जळालेल्या. गार्ड सगळ्यांना सांगत होता, “शिका काही काकाकडून. या वयात पाहा!”

चौथ्या दिवशी वारा पडला आणि टेकडीवरचा सगळा धूर गावात येऊन बसला. भर दुपारी सूर्य पिकलेल्या टेंभराच्या फळासारखा तांबूस-पिवळा दिसत होता. एवढा धूर, की एक पाहुणा आमच्याकडे जेवून, हात धुऊन, सुपारी खाऊन गेला आणि रस्त्यावर गेल्यावर त्याला कळलं की आपण ज्यांच्याकडे आलो ते घर पलीकडे आहे. हे मी आजही सांगतो. लोक हसतात. त्याच घरात माय खाटेवर बसून दोन्ही हातांनी खाटेचा काठ धरून होती, आणि तिचा एकेक श्वास असा येत होता, जसा कोणी विहिरीतून भरलेला हंडा ओढतोय. पंप संपला. बायकोनं ओलं फडकं दाराला लावलं, खिडकीला लावलं. धूर फडक्यातून येत नव्हता, तर कौलांतून येत होता.

गडचिरोलीला जाणारी गाडी मी रस्त्यात आडवं उभं राहून थांबवली. जुन्या ओळखीवर मायला ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. गाडीत मागून एक बाई बोलली, “कोन मेल्यानं लावली अशीन हे आग?”

गाडीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. जुना कंडक्टर मीच ना, गोष्ट माझ्याकडूनच यायची. मी म्हणालो, “अस्वलानं लावली. बिडी ओढून राह्यलं होतं. मी म्हटलं, विझव. तं म्हनते, पयले तुम्ही तुमची विझवा.”

सारी गाडी हसली. हसता हसता खोकली. मायनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

“पुरे,” ती म्हणाली. त्या एका शब्दाला तिला एक आख्खा श्वास लागला.

दवाखान्यात तिला मास्क लावला. डॉक्टर, नर्स, सगळे जीव तोडून करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जरा उतार वाटला, म्हणून मी खाटेजवळ गेलो.

“माय, ते आग...”

तिनं मास्क बाजूला केला. “सांगू नोको.”

“पन ऐक तं.”

“तू सांगशील तं मले रागवा लागन. रागवाले दम कुठून आनू?”

मास्क तिनं स्वतःच परत लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. तिला माहीत होतं. केव्हापासून, ते मला कळलं नाही. त्यानंतर मी तिथे बसून होतो, आणि जन्मात पहिल्यांदा मला सांगायला काही नव्हतं, कारण जे होतं ते ऐकायची तिची ताकद मीच जाळली होती.

आठवडाभरानं ती गेली. डॉक्टर म्हणाले, छाती जुनीच होती. गावकरी म्हणाले, वय झालं होतं. बायको म्हणाली, तुम्ही धावपळ कमी नाही केली. सगळ्यांनी मिळून मला सोडून दिलं. मी मात्र कोणीतरी धरावं म्हणून हात पुढे करून उभा होतो.

मायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं उरकली, आणि मी गार्डला मांडवाच्या कडेला घेतलं. पहिल्यापासून सांगितलं. काडी, अर्धा गोल, सायकलवाला, खाली ठेवलेली फांदी. सायकलवाल्याचं गाव सोडलं, बाकी काही सोडलं नाही.

गार्डनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“काका, आज तरी राहू द्या.”

“खरं सांगून राह्यलो.”

“तीन दिवस तुम्ही आमच्यासंगं झोडपत होते. अन् आग तुम्हीच लावली?” त्याला हसू आवरेना, डोळ्यांत पाणीही होतं. “वाघाची गोष्ट सांगता सांगता?”

तोवर चार जण जमले. मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द तोच. ते आपसात बघत होते, आता वाघ येईल, आता अस्वल येईल.

“केवढी होती काका आग?” एकानं मला मदत म्हणून विचारलं. “सागाएवढी?”

“गुडघाभर,” मी म्हणालो. “पाचोळ्याची आग गुडघाभरच असते.”

कोणी हसलं नाही. एकेक करून ते पांगले. काका आता थकले, असं एक जण हळूच म्हणाला, आणि त्यानं माझ्या हातात चहा आणून दिला.