साहेबाच्या बंगल्यातला नाश्ता

नवऱ्याची सातपूरच्या कारखान्यातून निवृत्ती जवळ आली, तसं त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. नाशिकचा फ्लॅट विकायचा, गावाकडे एखादा जुना दगडी बंगला घ्यायचा आणि पाहुण्यांना राहायला द्यायचा. मुक्काम आणि सकाळचा नाश्ता, एवढंच. यातला मुक्काम तो बघणार होता. नाश्ता कोण बघणार, हे त्याने सांगितलं नव्हतं. सांगायची गरज त्याला वाटली नसावी.

आधी अशा एका ठिकाणी राहून तरी बघू, असं मीच म्हटलं. मला वाटलं, खूळ तिथेच उतरेल.

शहरापासून तासाभरावर, पाटाच्या कडेला, कोण्या इंग्रज इंजिनिअरसाठी बांधलेला बंगला होता. भिंती हातभर जाड, त्यामुळे मोबाइलला रेंज नाही. छत इतकं उंच की तिथल्या जळमटांनाही ऐतिहासिक दर्जा मिळालेला. मालक, त्यांना सगळे काका म्हणत, प्रत्येक पाहुण्याला व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसवून सांगायचे, "साहेब रोज संध्याकाळी इथंच बसायचा." खुर्चीच्या खालच्या बाजूला नाशिकच्या फर्निचरवाल्याचा स्टिकर होता. नवरा त्या खुर्चीत बसला तो जेवायलाच उठला.

मी स्वयंपाकघरात गेले. आपल्याकडे पैसे मोजून राहायला आलेली बाईसुद्धा "काही मदत करू का" विचारल्याशिवाय राहत नाही. मालकीणबाई, म्हणजे काकू, कांदा चिरत होत्या.

"तुमचे मिस्टर बंगला घ्यायचं म्हणतायत?"

"हो."

"मग पोहे कोण करणार?"

"ते अजून ठरायचंय."

"आमच्याकडं पण अजून ठरायचंच आहे," काकू म्हणाल्या आणि दुसरा कांदा घेतला.

जेवणं झाल्यावर मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की उद्याचा नाश्ता माझा नवरा करेल, त्याला सराव हवाय. काकांना गंमत वाटली, काकूंना सुट्टी मिळाली. नवरा म्हणाला, त्यात काय, पोहेच तर करायचेत. जन्मभर खाल्लेत. मग त्याने मोठ्या पातेल्यात पोहे काढले आणि साबुदाण्यासारखे, बुडतील एवढं पाणी घालून सकाळसाठी झाकून ठेवले. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी काकूंकडे बघितलं. दोघी झोपायला गेलो.

सकाळी पातेल्यात खळ होती. निवडणुकीची पोस्टरं चिकटवता आली असती. बाहेर दोन कुटुंबं टेबलाशी येऊन बसलेली. कारखान्यात अख्खा लॉट रिजेक्ट व्हावा, तसा नवरा पातेल्याकडे बघत होता. मी हाताची घडी घालून नुसती उभी राहिले असते, तर बंगल्याचा विषय तिथेच मिटला असता. हे मला चांगलं कळत होतं. पण एवढे पोहे कचऱ्यात जाताना बघणं काही जमेना. त्यात बेसन, तांदळाचं पीठ, कांदा, मिरची, कोथिंबीर घातली आणि तव्यावर धिरडी टाकायला घेतली.

काकूंनी कपाळाला हात लावला. "काय करताय ताई? हातात आलेला डाव घालवताय."

पहिली ताटली बाहेर नेताना काकांनी पाहुण्यांना सांगितलं, की हा पदार्थ साहेबाच्या खानसाम्याचा आहे आणि दुसरीकडे कुठेही मिळत नाही. यातलं दुसरं तरी खरं होतं. पाहुण्यांनी पुन्हा पुन्हा मागून घेतली. एका बाईंनी फोटो काढला आणि कृती विचारली. ती माझ्या नवऱ्याने सांगितली. "पोहे आदल्या रात्रीच भिजवावे लागतात," तो गंभीरपणे म्हणाला.

परतताना गाडीत तो शीळ घालत होता.

"बघितलंस ना? हाताला चव आहे माझ्या."

"आहे ना," मी म्हटलं. "पण एका सकाळवरून धंद्यात पडू नये. आधी घरी रोज करत जा. हात बसला, की बंगला बघू."

त्याला ते पटलं. कारखान्यातला माणूस, ट्रायल घेतल्याशिवाय उत्पादन सुरू करत नाहीत हे त्याला माहीत.

तेव्हापासून आमच्याकडे नाश्ता तो करतो. पोहे आता चाळणीत धुतो, उपम्यात गुठळ्या होत नाहीत, थालीपीठ मात्र अजून कडेला फाटतं. मी चहा घेऊन पेपर वाचत बसते. अधूनमधून तो ताटली पुढे ठेवून विचारतो, "आता बसला का हात?"

मी एक घास खाते, जरा विचार करते आणि सांगते, मीठ अजून थोडं इकडेतिकडे होतंय.