माळढोकाचं गाऱ्हाणं

आमच्या बाबांनी आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या. मोजणी खात्यातली नोकरी. मालवण-कुडाळच्या टापूत दोन भावांत बांधावरून जुंपली की दोघेही बाबांच्या मापाला मान द्यायचे. ते म्हणतील तिथे दगड रोवला जायचा आणि पुन्हा तो कोणी हलवायचा नाही. पण एका मापाच्या बाबतीत अख्ख्या गावाने बाबांना वेड्यात काढलं होतं, आणि तेही तब्बल तीस वर्षं.

ते माप होतं तीन फूट चार इंच.

झालं असं की नोकरीच्या सुरुवातीला बाबांची बदली सोलापूरकडे झाली होती. एकदा सकाळी माळावर मोजणीची झेंडी रोवून ते मागे सरकले, आणि गवतातून एक पक्षी चालत आला तो थेट झेंडीशेजारी उभा राहिला. माळढोक. झेंडीच्या काठीवर फुटाइंचांच्या खुणा होत्या. बाबांनी जागच्या जागी डोकं कुठवर येतं ते पाहिलं आणि वहीत लिहून ठेवलं. मग तो पक्षी पंख पसरून उडून गेला. सुट्टीला घरी आल्यावर त्यांनी ही हकिकत देवळाच्या पायरीवर बसून सांगितली, आणि तिथेच त्यांचं चुकलं.

आमच्याकडे बगळा सगळ्यांनी पाहिलेला. उंच, पण काटकुळा. हा म्हणे बोकडाएवढा वजनदार, माणसाच्या कमरेपर्यंत पोचणारा, आणि वर उडतो! लोक हसून हसून लोळले. त्या दिवसापासून कोणाची कोंबडी कुंपणावर चढली तरी विचारायचे, किती फूट? लग्नाच्या पंगतीत कोणी बाबांना पाहिलं की ताटातल्या कोंबडीच्या तंगडीकडे बोट करून, तीन फूट चार इंच! बाबा हसण्यावारी न्यायचे. पण घरी आल्यावर ती जुनी वही काढून बसायचे, हे मला ठाऊक होतं. माणसाचा अख्खा जन्म मापात गेला आणि त्याच्या मापालाच लोक हसतात, हे त्यांना लागायचं. मला तर संतापच यायचा.

या टवाळखोरांचे पुढारी म्हणजे आमचे काका. बाबांचे आतेभाऊ, बरोबरीचे, शेजारच्याच घरात राहणारे. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे. गावात काही करायचं म्हटलं, पेरणी असो की कोणाचं मुंबईला जाणं, काका देवासमोर हात जोडून, डोळे मिटून, खणखणीत आवाजात सगळ्यांची गाऱ्हाणी मांडायचे, आणि प्रत्येक वाक्याला मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आवाज असा की समुद्रावरच्या होडीतल्या माणसालाही ऐकू जावा. बाबांनी एकदा हट्टाने काकांना सोलापूरच्या माळावर नेलं होतं. दोन दिवसांत मेंढरांशिवाय काही दिसलं नाही. काकांनी परत येऊन तेही गावभर सांगितलं.

आमचा जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला त्यानंतर चार-पाच वर्षांची गोष्ट. मी तेव्हा कणकवलीच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. बाबा निवृत्त झाले होते. मुंबईतलं एक पक्षीमंडळ हिवाळ्यात राजस्थानची सहल काढतंय, आधी अबूचे डोंगर आणि मग जैसलमेरचं वाळवंट, असं वर्तमानपत्रात वाचलं. पाहण्यासारख्या पक्ष्यांच्या यादीत माळढोक पहिला होता. मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, येईन, पण एका अटीवर. तो यायला पाहिजे. ‘तो’ म्हणजे काका. बाबांनी एकट्याने बघून काय उपयोग? माळढोक तर त्यांनी आधीच पाहिलेला होता.

काकांना फुकटची चेष्टा हवीच होती. ते आले. सामानात कानटोपी, खाजे, कोकमं आणि एक सोललेला नारळ. नारळ कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, परमुलखात देवाक काय रिकाम्या हातांनी सांगूचा?

सहलीचे मार्गदर्शक पुण्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचे. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. काडीपैलवान माणूस, आणि बोलायचे इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितले. भडक कपडे नकोत, अत्तर नको, आणि मोठ्याने बोलणं तर नकोच नको. मुंबईची मंडळी माना डोलावत होती. मी काकांकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं कल्याण.

अबूला तीन दिवस होतो. थंडी म्हणजे काय ते तिथे कळलं. आमच्याकडे पौषात पहाटे जरा गार वारं सुटलं की आम्ही शेकोटी पेटवणारी माणसं. काका कानटोपीवर मफलर, त्यावर माझी शाल, अशा थाटात कडेकपाऱ्यांतून फिरत होते. सरांनी मोठ्या कौतुकाने हिरवी मुनिया दाखवली. टिचभर पक्षी, पण पोपटी-पिवळा, फारच गोजिरवाणा. मुंबईची मंडळी हरखून गेली. काकांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाले, याच्यापेक्षा बरे पक्षी माझ्या माडांवर बसतात, आणि त्यांना बघायला कोणी कानटोपी घालून येत नाही. त्यांचं कानात बोलणं पलीकडच्या टेकडीवर ऐकू गेलं असावं, कारण मुनिया उडाल्या. सर चष्मा पुसायला लागले.

बाबा मात्र तिथे सरांचे लाडके झाले. सर म्हणायचे, त्या झाडापाशी, साधारण दीडशे मीटर. बाबा म्हणायचे, एकशे तीस. एका बाईंनी पावलं टाकून पाहिली तर एकशे तीस भरलं. मग दर थोड्या वेळाने तोच खेळ. बाबांचं माप काही चुकेना. मला इतका अभिमान वाटत होता की काय सांगू! काका बाजूला उभे राहून म्हणायचे, झाडां काय, जाग्यार उभी रवतत, पक्ष्याचा काय?

मग वाळवंट. नाव वाळवंट, पण सरांनी नेलं तिथे नुसते वाळूचे डोंगर नव्हते. सपाट माळ, खुरटं पिवळं गवत, मधूनच एखादं काटेरी झाड, आणि कोणीतरी कधीकाळी घातलेल्या कुंपणाचे उरलेले खांब. बाबांनी उतरताच चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाले, अगदी असाच माळ होता. त्यांचा चेहरा पंचविशीतल्या माणसासारखा झाला होता.

माळढोकासाठी आमच्याकडे तीन सकाळी होत्या. पहिल्या सकाळी चिंकारा दिसले, गिधाडं दिसली, माळढोक नाही. काका परतताना जीपमध्ये गुणगुणत होते. बाबा रात्री जेवले नाहीत. मला म्हणाले, बाय, पक्षी दिसलो नाय तर हो तुझो काका माझ्या मरणापर्यंत माका सोडूचो नाय. ते हसत बोलले, पण मला हसू आलं नाही.

दुसऱ्या सकाळी उजाडताना आम्ही एका झुडपामागे ओळीने उभे राहिलो. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. पायांना मुंग्या आल्या. आणि काकांनी पिशवीतून नारळ काढला. तो समोर वाळूत ठेवला, टोपी काढली, हात जोडले, डोळे मिटले. सर अडवायला पुढे सरकले, पण काकांचं सुरू झालं होतं. त्यांच्या मते हळू आवाजात.

बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां परमुलखात येवन उभी रवली आसत...

आणि तेवढ्यात समोरच्या गवतातून एक मान वर आली. उंच, फिकट, वर काळी टोपी. मागोमाग अंग. पक्षी गवतातून बाहेर आला, दोन पावलं चालला आणि कुंपणाच्या एका खांबाशेजारी उभा राहिला.  सर जागच्या जागी थिजले. आता हात हलवला तरी पक्षी बिथरणार, म्हणून काकांना गप्प करायचीही सोय नव्हती. बाबा नुसते बघत होते. त्यांचा हात हळूहळू काकांच्या कोपराकडे सरकत होता, त्यांना ढोसायला. वीतभर अंतर उरलं होतं. काकांचे डोळे घट्ट मिटलेले, आणि त्यांना आता रंग चढला होता. ह्या माझ्या भावाच्या मनात जी काय इच्छा आसा ती पुरी कर, आणि तो पक्षी आमच्या डोळ्यांक दाखव रे म्हाराजा!

“व्हय म्हाराजा!”

हे कोण ओरडलं? मी आणि बाबा! दोघेही, पूर्ण घशाने. समोर पक्षी दिसत होता, गप्प राहायचं हेही कळत होतं, पण जन्मापासून ज्या शब्दांनंतर तोंड उघडायची सवय, ते काय आमच्या हातात होतं? माळढोक दचकला, चार पावलं धावला, भले मोठे पंख पसरून उठला आणि जमिनीलगत उडत चढापलीकडे गेला. काका तेवढ्या वेळात वाकून वाळूला डोकं टेकत होते. गाऱ्हाणं झालं की टेकायचंच. ते उठून डोळे उघडतात तोवर समोर नुसतं गवत.

खंय आसा पक्षी? काकांनी विचारलं.

माझा तोल गेला. शास्त्राची बाई, मार्गदर्शक, मुंबईची मंडळी, सगळं विसरून मी काकांवर तुटून पडले. इतकी वर्षं हसलात, आणि बघायची वेळ आली तेव्हा डोळे मिटलेत? देवाला काय उघड्या डोळ्यांनी सांगितलेलं कळत नाही? आणखी पुष्कळ बोलले. काका मान खाली घालून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, ओरडलात तुमी. ते खरं होतं, म्हणून मी आणखीच चिडले.

 बाबांनी मात्र खिशातून टेप काढली. ती सहलीलाही त्यांच्यासोबत होतीच. सरांना म्हणाले, तुम्ही चला, आणि त्या खांबावर त्याचं डोकं कुठपर्यंत आलं होतं तिथे बोट ठेवा. मी सांगणार नाही, माझ्याकडे बघूही नका. काकांना म्हणाले, तू टेप धर. वाळूत तीन बोटांची ठसठशीत पावलं उमटली होती. सरांनी थोडा विचार केला आणि खांबावरच्या एका गाठीपाशी बोट ठेवलं. काकांनी खाली वाकून टेपचं टोक जमिनीला लावलं आणि दुसरं टोक वर नेलं. आकडा त्यांनीच वाचायचा होता. त्यांनी वाचला, चष्मा वर करून पुन्हा वाचला.

तीन फूट पाच इंच.

सोलापूरच्यापेक्षा हो पक्षी एक इंच मोठो, बाबा म्हणाले, आणि टेप गुंडाळून खिशात ठेवली. काकांनी वाळूतल्या पावलावर आपला पंजा ठेवून पाहिला. तिसऱ्या सकाळी काही दिसलं नाही. त्या सकाळी काका तीन तास एक अक्षर बोलले नाहीत. जन्मात पहिल्यांदाच असेल. जैसलमेरहून मुंबई, मुंबईहून एसटीने कणकवली, सगळ्या प्रवासात त्यांनी एकदाही ‘किती फूट’ म्हटलं नाही. पण पाहिलं असंही म्हटलं नाही. खोटं कसं म्हणणार? पाहिलं नव्हतंच त्यांनी.  मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात.

गावात पोचलो तेव्हा जत्रा तीन दिवसांवर आलेली. सगळे विचारत होते, काय, दिसला का बोकड? बाबा म्हणायचे, दिसला. लोक काकांकडे वळायचे. काका म्हणायचे, माका काम आसा, आणि निघून जायचे. झालं, गावाला हवं तेच मिळालं. साक्षीदार बोलत नाही म्हणजे काय ते लोक समजले. बाबा देवळाच्या पायरीवर जाईनासे झाले.

जत्रेच्या दिवशी दुपारी ओटी भरायला अख्खा गाव देवळात जमला. गावचे मुंबईकर चाकरमानीही आलेले. बाबा यायला तयार नव्हते, मी ओढूनच नेलं. आम्ही खांबाआड मागे उभे होतो. काका सोवळं नेसून देवासमोर उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. पिकाचं झालं, गुरांचं झालं, मुंबईकरांच्या पोराबाळांचं झालं. प्रत्येक वाक्याला सभामंडप घुमत होता. मग काका थांबले. ते गर्दीकडे वळले, तेव्हा मला दिसलं की त्यांचे डोळे उघडे आहेत. गाऱ्हाणं घालताना उघडे डोळे मी पहिल्यांदाच पाहत होते. ते गर्दीतून बाबांना शोधत होते. बाबा सापडले तशी त्यांनी तिथेच नजर लावली आणि आवाज चढवला.

“बा देवा म्हाराजा, ह्या माझ्या भावान सोलापूरच्या माळार जो पक्षी बगल्यान, तो तीन फूट चार इंचच होतो. त्येची मोजणी बरोबर होती. आमी गाववाल्यांनी त्येका तीस वर्सां हसलंव, आणि मी सगळ्यांत जास्त हसलंय. ती आमची चूक पोटात घाल रे म्हाराजा!”

आणि पाचशे माणसं, कोंबडीची तंगडी दाखवणारी, किती फूट विचारणारी, एकजात सगळी, काय ऐकलं ते डोक्यात शिरायच्या आधीच पूर्ण घशाने ओरडली, “व्हय म्हाराजा!”

ओरडल्यावर ती एकमेकांकडे बघायला लागली. पण आता काय, देवासमोर म्हणून झालं होतं. मीही ओरडले होते. एकटे बाबा गप्प होते. त्यांनी तोंड उघडलं होतं, पण आवाज फुटत नव्हता.