बाई मोजतायत

ओठांवर बोट, दुसऱ्या हातात सायकलचं हँडल आणि नजर पुढच्या चाकाला बांधलेल्या हिरव्या चिंधीवर. कोपरला राहत असाल तर बाईंना असं तुम्हीही पाहिलं असेल. त्या सायकल चालवत नसत, ढकलत.

गणिताच्या निवृत्त शिक्षिका. "चिंधी जमिनीला लागून पुन्हा जमिनीला लागली, की चाक आपल्या परिघाएवढं पुढे गेलं," त्या सांगत. "व्यास सत्तर सेंटीमीटर. त्याला गुणिले बावीस सप्तमांश. एका फेऱ्याला दोनशे वीस सेंटीमीटर. फेरे मोज, अंतर हातात."

आमच्या गल्लीतली मराठी शाळा बंद करायचं घाटत होतं. दुसरी शाळा नियमाप्रमाणे किलोमीटरच्या आत आहे, असं शिक्षण खात्याच्या साहेबांनी नकाशावर दाखवलं. ज्यांना मुलांच्या पायांचा विचार करायचा नसतो, त्यांना नकाशा फार आवडतो. मी मोर्चे नि पत्रकांवर वाढलेली; लगेच घोषणा लिहायला बसले. बाईंनी सायकल बाहेर काढली.

"मुलं नकाशावरून चालतात का गं?"

पण आमची गल्ली! "काय बाई, तब्येत काय म्हणते?" "बाई, चहा घेऊन जा ना!" निम्मी गल्ली त्यांच्याच हाताखाली शिकलेली, त्यामुळे बाई प्रत्येकाला उत्तर देणार. उत्तर दिलं की आकडा सुटायचा आणि सायकल परत शाळेच्या फाटकाशी. शेवटी चहावालाच ओरडला, "ए, गप बसा रे सगळे! बाई मोजतायत!" रिक्षावाल्यांनीही हॉर्नवरचा हात काढला.

अंतर भरलं सव्वा किलोमीटर.

"दीड लिहू या ना बाई. पत्रकात जोर येईल."

"चाक फिरलं तेवढंच लिही. आपलं म्हणणं खरं आहे ना? मग आकडा खोटा कशाला?"

साहेब आले तेव्हा बाईंनी हँडल त्यांच्याच हाती दिलं. मध्येच त्यांचा फोन वाजला, आकडा सुटला. बाईंनी हसत त्यांना फाटकाशी परत नेलं. दुसऱ्या खेपेला तेही सव्वावरच आले. दीड लिहिलं असतं तर तिथेच आम्ही खोटे ठरलो असतो. शाळा राहिली.

यंदाच्या थंडीत बाई गेल्या. त्यांच्या मुलीने सायकल शाळेला द्यायचं ठरवलं. पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी ढकलत निघाले. चहावाल्याने पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. एकेक दुकान गप्प होत गेलं. चिंधी वर जात होती, खाली येत होती.

मी मोजत नव्हते. तरी फाटकापर्यंत कुणी बोललं नाही.